झडतीचा आडोसा

“फडकं काढ.”

पारूमावशी एवढंच म्हणाली. भोरातल्या एका भातगिरणीचं फाटक, दिवस मावळतीला आलेला, काम सुटलेलं, पंधरा-सोळा बायकांची रांग, अन् रांगेत मी. माझा पोरगा तवा चार महिन्यांचा. सकाळी त्याला सासूपाशी ठेवून यायचं ते एकदम दिवस बुडताना परत. मधे घरी जायची सोय न्हाई. दुपार कलली की दूध भरून यायचं, छाती दगडावानी व्हायची, मग आपोआप गळायचं. चोळी भिजून सगळ्यांच्या देखत शोभा नको म्हणून मी आत जुन्या लुगड्याचं फडकं घडी करून ठेवायची. पारूमावशीचा हात नेमानं चोळीवरून फिरला अन् तिला आत काहीतरी फुगीर लागलं.

“मावशी, दूध हाय ते,” म्या हळूच सांगितलं.

“मला कळतंय गं. पन काढून दाव. तो बगतोय.”

तो म्हणजे पहारेकरी. स्टुलावर बसून विडी ओढत होता. पलीकडं हमाल पोती टाकून हातपाय धूत होते. म्या पाठ फिरवली, चोळीत हात घातला, फडकं काढलं अन् दोन्ही हातांनी उलगडून धरलं. आंबूस वास सुटला. त्यात तांदळाचा एक दाणा नव्हता. एका हमालानं मान खाली घातली. दुसऱ्यानं न्हाई घातली.

“जा,” पारूमावशी म्हणाली. मी गेले. वाटेत रडले न्हाई. घरी जाऊन पोराला पाजायला घेतलं तर दूधच उतरंना, तवा रडले.

आता हे सांगायला लागले की भोरातली जुनी माणसं मला अडवतात. “अगं, मालक तर देवमाणूस होता की,” म्हणतात. व्हय, होता. म्या कवा न्हाई म्हणलं? तेच तर सांगायचं हाय मला. वाईट माणसाचा राग करायला अक्कल लागत न्हाई. मला जे कळायला लई दिवस लागले ते चांगल्या माणसाचं हाय.

माझं माहेर पासली, वेल्ह्याच्या पल्याड, डोंगरात. म्हणून गिरणीत मला सगळ्या ‘पासलीची’ म्हणूनच हाक मारायच्या. आमच्याकडं भातच भात. दुसऱ्याच्या खाचरात कमरेत वाकून लावणी करतच मी वाढले, त्यामुळं तांदूळ मला डोळं मिटून कळतो. लग्न होऊन भोरच्या बौद्ध वस्तीत आले. नवरा पुण्याला बांधकामावर, महिन्यातून एकदा यायचा. गिरणीत तांदूळ पाखडायचा, खडे वेचायचे, कणी वेगळी काढायची, हे बायकांचं काम. भोंगवलीकडच्या, आळंदे-नसरापूरकडच्या, भोरातल्या, अशा सगळीकडच्या बायका होत्या. मराठ्यांच्या होत्या, धनगराच्या होत्या, आमच्या वस्तीतली मी एकटी.

दिवसभर सूप हातात अन् तुसाची धूळ नाकात. त्याची तक्रार न्हाई. काम काम असतं. पण सुटताना झडती. बाईनं तांदूळ चोरायचा म्हणजे कुठं चोरायचा, तर ओटीत. ओच्यात. निऱ्यांच्या केळ्यात. चोळीत. सगळी लपायची जागा आमच्या अंगावरच. म्हणून झडतीसुद्धा आमच्या अंगाचीच. गिरणीचे दिवाणजी रोज त्याच फाटकातून धोतराच्या सोग्यात नमुन्याच्या पुड्या बांधून जायचे. त्यांना बघून पहारेकरी स्टुलावरून उठायचा अन् रामराम घालायचा.

मी लागायच्या आधी तर पहारेकरीच बायकांची झडती घ्यायचा म्हणे. हात लावता येत न्हाई म्हणून ओटी झाडायला लावायचा अन् वर जाग्यावर उड्या मारायला लावायचा. दाणे असतील तर खाली पडतील म्हणून. पोटुशी असू दे, म्हातारी असू दे, मार उडी. ते एक दिवस शेटनी बघितलं. शेट म्हणजे मालक, पन्नाशीचा माणूस, पांढरं धोतर, वर कोट, कपाळाला गंध, आवाज कवा चढायचा न्हाई. त्यांना ते बघवलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी उड्या बंद केल्या अन् बायकांच्यातलीच एक बाई झडतीला नेमली. बाईच बाईला तपासील, म्हणजे अब्रू राहील. पारूमावशी विधवा, मूलबाळ न्हाई, गिरणीच्याच कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. तिला नेमली. अन् तिला बजावलं की एका जरी बाईला सोडलीस तर खोलीही गेली अन् कामही गेलं.

सगळ्या बायका तवा शेटच्या पाया पडल्या होत्या.

असे होते शेट. प्रत्येकीला नावानिशी ओळखायचे. कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाच्या सासऱ्याचा पाय मोडला, सगळं ठावं. मी बाळंत झाले तवा त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आले. खोटं कशाला बोलू, म्या ते खाल्ले अन् गोडही लागले. एकदा धीर करून म्या त्यांना विचारलं की दुपारी पोराला पाजायला घरी जाऊन येऊ का. लई मायेनं म्हणाले, “अगं, बाहेर गेलीस की तुझी दोनदा झडती होईल. तुलाच त्रास.”

तवा मला वाटलं, खरंच की, किती विचार करतो हा माणूस आपला. आज त्या ‘खरंच की’चा मला जेवढा राग येतो तेवढा शेटचा येत न्हाई.

फडक्याची गोष्ट कुणीतरी शेटच्या कानावर घातली. त्यांनी मला पेढीच्या गादीपाशी बोलावलं. मी उंबऱ्याबाहेर उभी. त्यांचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं, खरंच भरले होते. म्हणाले की तू मला मुलीसारखी, असं पुन्हा होणार नाही. मी वाट बघत राहिले, आता काय करतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर फाटकाशेजारी चार बांबू रोवून गोणपाटाचा आडोसा बांधलेला. आता झडती आडोशाच्या आत. पहारेकऱ्याला दिसायचं न्हाई, हमालांना दिसायचं न्हाई. बायका खूश. म्हणाल्या, पासलीचे, तुझ्यामुळं झालं गं. म्यासुद्धा शेटना दोन्ही हात जोडले. जोडले, लपवत न्हाई.

अन् आडोसा झाल्यापासून झडती जास्त झाली. उघड्यावर पारूमावशी वरवर हात फिरवायची. आडोशात कुणी बघत न्हाई, मग चोळी सोड, ओचा सोड, सगळं नीट बघायचं. शेटनीच सांगितलं होतं, आता लाजेचं कारण नाही तर झडती नीट घेत जा. महिन्याच्या दिवसांत त्या गोणपाटाच्या आत काय व्हायचं ते मी सांगत न्हाई. बायकांना कळंल, अन् पुरुषांना कळून उपयोग न्हाई.

आमी गप्प होतो. तोंडाला कुलूप. पारूमावशीचा राग करायचो, कारण हात तिचा होता. ती जेवायला आमच्यात येऊन बसली की बायका गाठोडं उचलून दुसरीकडं सरकायच्या. मीही सरकले एक-दोनदा.

मग नवरात्र आलं. गिरणीच्याच आवारात शेटचं घर. अष्टमीला काकींनी, म्हणजे शेटच्या बायकोनं, गिरणीतल्या सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावलं. काम अर्धा तास लवकर सुटलं. आमी धम्म घेतलेला. सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत घालून नीरा नदीत सोडून दिले होते. सासू म्हणायची, आपल्याला कुंकू न्हाई, ओटी न्हाई, उपासतापास न्हाई, मोकळं झालो आपण. पण मालकिणीनं बोलावलंय अन् तू एकटी जात न्हाईस, हे गिरणीत चालणारं न्हवतं. गेले. विधवा म्हणून पारूमावशीला बोलावणं नव्हतं. ती तिकडं फाटकाशीच बसली होती.

काकी पाटावर बसलेल्या. एकेकीला कुंकू लावायच्या, खण द्यायच्या अन् पदरात ओंजळभर तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी. तांदूळ आंबेमोहोर. आमीच आठवडाभर निवडलेला. माझी पाळी आली तशी काकी जरा थांबल्या. “तुमच्यात आता हे चालत नाही ना गं? तरी घे हो माझ्याकडून,” म्हणाल्या. कुंकवाचं बोट मागं घेतलं अन् ओंजळ चांगली हातभर वरून सोडली. निम्मे दाणे पदरात, निम्मे जमिनीवर. पदराला हात लागू दिला न्हाई. ते सगळं हसून, गोड बोलून.

माझ्यापुढं सोनाबाई होती. भोंगवलीची, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची दोन पोरं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले, चौथा महिना. काकींसारख्या लेकुरवाळ्या बाईच्या हातची ओटी मिळाली म्हणून तिचं तोंड नुसतं उजळलं होतं. पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होती, एक दाणा सांडू नये म्हणून. मला म्हणाली, “औंदा ऱ्हाईल बग माजं.” मला ओटीबिटी काही पटत नव्हती, पण तिचं तोंड बघून मीही म्हणाले, व्हय, राहील.

अन् आमी फाटकाशी आलो. पंधरा बायका, पंधरा ओट्या, सगळ्यांत गिरणीचा तांदूळ.

काकींना झडतीची आठवण न्हाई राहिली. त्यांना कशी राहणार, त्यांची कवा झाली न्हाई. पारूमावशी आमच्याकडं बघतच राहिली. तिला ठावं होतं ओटी कुठली हाय ते. पण पहारेकरी म्हणाला, ओटीत तांदूळ दिसला की ओतून घ्यायचा, मालकाचा नेम हाय, मला माहीत न्हाई हळदीकुंकू. पारूमावशी म्हणाली, शेटना विचार. शेट पूजेला बसलेले, कुणी उठवायचं? पहारेकरी मावशीला म्हणाला, तू सोड की, तुझी खोली जाईल, माझं काय.

पारूमावशी आत जाऊन सूप घेऊन आली. कुणाकडं न बघता म्हणाली, “वता गं बायांनो. बगते अन् परत देते.”

भरलेली ओटी फाटकात उभं राहून रिकामी करायची. ज्यांच्यात ओटी हाय त्यांना विचारा, त्याचा अर्थ काय. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पहिलीनं ओतली. दुसरीनं ओतली. सोनाबाई ओटी धरून मागं मागं सरकत भिंतीला टेकली. पहारेकरी म्हणाला, हिच्याच ओटीत काहीतरी हाय. मग ती पुढं आली. स्वतःच्या हातानं पदर सोडला. तांदूळ, सुपारी, खोबरं सगळं सुपात गेलं. ती ओरडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. पोटावर हात ठेवून तितंच धुळीत खाली बसली.

अन् मी? मी सोनाबाईच्या मागं होते. म्याही ओतली. मला ती ओटी कवडीची नव्हती, मला तर बोलायला काहीच आडकाठी नव्हती, तरी ओतली. कारण माझ्या पोराचा घास त्या फाटकातून येत होता. हे सांगताना आजही माझं मला थोबाडीत मारावंसं वाटतं.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं असणार, शेट सोवळ्यातच धावत आले. सुपात तांदळाचा ढीग, खाली बसलेली सोनाबाई. त्यांनी कपाळाला हात लावला. पहारेकऱ्यावर डाफरले, पहिल्यांदाच त्यांचा चढा आवाज ऐकला. म्हणाले, आजच्या दिवशी हे करायचं का, माणुसकी आहे की नाही. मग आमच्याकडं वळून लई हळवं होऊन म्हणाले, “पारू, आत्ताच्या आत्ता सगळ्यांच्या ओट्या परत भर.”

चांगलंच करायला गेले हो ते. पण विधवेला सांगितलं, सवाष्णींच्या ओट्या भर म्हणून.

मावशीनं सूप उचललं अन् बायका मागं सरल्या. सगळ्याच. पदर कमरेला खोचले. सोनाबाईनं तर पदर मुठीत आवळून तोंड फिरवलं. मावशी सूप घेऊन मधे उभी. पुढं यायला कुणी न्हाई, सूप कुठं ठेवावं कळंना. इतकी वर्षं आमच्या चोळीत हात घालणारी ती बाई, आज तिच्याकडं बघवंना. शेटना कळलंच न्हाई काय झालं. ते म्हणत होते, घ्या, घ्या, लाजू नका.

मला तवा कळलं. फडकं धरून उभी होते तवा न्हाई कळलं, आडोशात चोळी सोडली तवा न्हाई कळलं. ह्या मावशीला आमच्यावर सोडलं कुणी? आमाला तिच्यापासनं तोडलं कुणी? अन् दर वेळी डोळे पुसत येऊन गोणपाट बांधून जातो कोण? आमी मात्र एकमेकींचा राग करत बसलो अन् त्याच्या पाया पडत राहिलो.

मी पुढं गेले. पदर पसरला. “मावशी, मला भरा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. दोन ओंजळी भरून तिनं तांदूळ घातला, पदराला हात लावून, अगदी खालून, एकही दाणा सांडू न देता. मी तशीच ओटी धरून फाटकाकडं चालायला लागले. पहारेकरी आडवा आला. म्हणाला झडती.

“झडती न्हाई,” म्या सांगितलं.

शेट जवळ आले. अजून तोच मऊ आवाज. “पोरी, रागावू नकोस. मला कळतं तुमचं दुःख. त्या दिवशी तुझं ते फडक्याचं ऐकलं, रात्रभर माझा डोळा लागला नाही.”

“अन् सकाळी उठून तुमी गोणपाट बांधलं,” मी म्हणाले. “शेट, आमचं दुःख समजून घेऊ नका. झडती बंद करा.”

ते म्हणाले, चोरी होते, मी काय करू. मी म्हणाले, दिवाणजींच्या सोग्यात बघा, तुमच्या कोटाच्या खिशात बघू द्या, मग आमच्या ओटीत बघा. त्यांचा चेहरा पडला. रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुखावले. म्हणाले, एवढं केलं तुमच्यासाठी अन् हे ऐकायचं. बायकांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही त्यांच्या घरच्या कुणाला मी मारलं. मी निघून आले. कुणी अडवलं न्हाई.

सकाळी पारूमावशी वस्तीत आली. पहिल्यांदाच. दारात उभी राहून म्हणाली, शेटचा निरोप हाय. तुझी एकटीची झडती माफ केली. कामावर ये. मनात काही ठेवू नको.

सासू चुलीपाशी होती. म्हणाली, “झालं की मग. जा. पोराच्या तोंडातलं काढू नकोस बाई.” सासूचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. घरात त्या दिवशी नाचणीचं पीठ सोडून काही नव्हतं. म्या मावशीला विचारलं, अन् बाकीच्यांची? ती म्हणाली, निरोप एवढाच हाय. तिला चहा पिऊन जा म्हणाले, तर ती बसली अन् आमच्या घरचा चहा प्याली.

मी गिरणीवर गेले, पण फाटकाबाहेर थांबले. एकेक बाई येत होती, तिला सांगत होते. आज सगळ्या मिळून बाहेर बसू, एक दिवस, फक्त एक दिवस, गिरणीत तांदूळ पडून राहू दे. कुणी हो म्हणाली, कुणी म्हणाली घरी विचारते. सोनाबाई आली. रात्रीत तिचे डोळे सुजलेले. तिनं माझं ऐकलं असतं तर बाकीच्या थांबल्या असत्या, एवढा मान होता तिला. ती म्हणाली, “पासलीचे, तुला माफी झालीया. तू जा की आत. आमी कुनाच्या जिवावर भांडायचं?” अन् खाली मान घालून आत गेली. तिच्या मागं एकेक करत सगळ्या गेल्या.

मला माफी दिली होती ना, तिचा उपयोग असा झाला. एकीला सोडलं अन् चौदा जणींना बांधून ठेवलं. शेटनी ते मुद्दाम केलं असंही मला वाटत न्हाई. त्यांना खरंच वाटलं असणार, बिचारीला सोडू या. कारण त्यांना एकेक बाईचं दुःख दिसायचं. सगळ्यांची मिळून बेअब्रू त्यांना कवाच दिसली न्हाई. दिसली असती तर गिरणीचं फाटकच बदलावं लागलं असतं.

शेट फाटकापाशी आले. म्हणाले, “ये ना आत. उन्हात का उभी?”

“सगळ्यांची झडती बंद?”

“तुझी बंद केली ना.”

मी वळले अन् घरी आले. सोनाबाईचं पुढं काय झालं ते मी कुणाला विचारलं न्हाई. धीर झाला न्हाई.

पुढच्या सालापासून वेल्ह्याच्या रस्त्यावर खडी फोडली. तितला मुकादम तोंडाचा घाण, आईवरून शिवी दिल्याशिवाय हाक मारायचा न्हाई. त्याच्याशी रोज भांडले. सोपं होतं. त्याच्या तोंडावर बोलता यायचं, अन् बाकीच्या बायका माझ्या बाजूनं बोलायच्या. देवमाणसाशी भांडताना मी एकटी पडले होते.

त्यानंतर लई ठिकाणी काम केलं. शेतात, वीटभट्टीवर, एका दवाखान्यात झाडलोटीला. मायेनं बोलणारे साहेब पुन्हा भेटले, लाडू देणारेही भेटले. आता मी लाडू घेते अन् त्याच वेळी विचारते. कामाच्या पहिल्याच दिवशी, पाटी नायतर झाडू हातात घ्यायच्या आदी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, हितं जाताना झडती हाय का? न्हाई म्हणाले तर कामाला लागते. हाय म्हणाले तर सांगते, साहेबाची आदी घ्या, सगळ्यांच्या देखत, आडोसा न लावता. त्याच्या खिशात हात गेलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसला पायजे. मग रांगेत मी पहिली उभी राहीन. न्हाईतर माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई, अन् माझ्या शेजारच्या बाईच्याही न्हाई.